धंदेवाईक खेळाडूची प्रतिष्ठा : पालवणकर बाळू यांच्या क्रीडाजीवनाचा विचार

'धंदेवाईक' हा शब्द मराठीत सहसा गौरवाने योजला जात नाही. विद्येचा, कलेचा अथवा खेळाचा व्यासंग मोबदल्याच्या अपेक्षेवाचून करावा व तसा करणाराच त्या क्षेत्रातील खरा अधिकारी मानावा, अशी एक समजूत या शब्दामागे दडलेली आहे. खेळाच्या क्षेत्रातील ही समजूत प्रामुख्याने इंग्लंडमधून आपल्याकडे आली. येथील जातिव्यवस्थेत तिला अनुकूल भूमी मिळाली. परिणामी, ज्या खेळाडूला मैदानावरील कष्टांबद्दल वेतन मिळत होते आणि जो जन्माने अस्पृश्य मानला जात होता, त्याच्या वाट्याला दुहेरी अवहेलना आली. पुण्याच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्यापासून आरंभ करून आपल्या काळातील भारताचा अग्रगण्य गोलंदाज ठरलेले पालवणकर बाळू हे या परिस्थितीचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

प्रस्तुत लेखात बाळू यांचे संपूर्ण चरित्र सांगावयाचे नाही. एखाद्या व्यक्तीचे कौशल्य समाजाने मान्य केले म्हणजे त्या व्यक्तीची प्रतिष्ठाही आपोआप मान्य होते काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना अमेरिकेतील आरंभीच्या धंदेवाईक गोल्फपटूंशी बाळू यांच्या जीवनाची तुलना केली आहे. दोन्ही ठिकाणी क्लब नावाची संस्था केंद्रस्थानी आहे, दोन्ही ठिकाणी क्लबच्या सेवकवर्गातून श्रेष्ठ खेळाडू निर्माण झाले, आणि दोहोंचा काळही जवळपास एकच आहे. म्हणून ही तुलना उपयुक्त ठरावी.

१. हौशी आणि धंदेवाईक

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश क्रिकेटमध्ये हौशी खेळाडूंना 'जंटलमेन' व धंदेवाईकांना 'प्लेयर्स' असे संबोधले जाई. या दोन गटांमधील सामना १८०६ साली प्रथम खेळला गेला व १९६२ सालापर्यंत तो चालू राहिला. हौशी आणि धंदेवाईक हे एकाच संघातून खेळत. परंतु अनेक मैदानांवर त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत. धावफलकाच्या छापील कागदावर नावाची आद्याक्षरे कशी छापावयाची, यातही भेद पाळला जाई. फलंदाजीचे वैभव बहुतांशी हौशी खेळाडूंकडे आणि गोलंदाजीचे कष्ट बहुतांशी धंदेवाईकांकडे, अशी श्रमविभागणी होती. संघाचे नेतृत्व हौशी खेळाडूकडेच असावे हा दंडक इतका दृढ होता की, विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचे कर्णधारपद धंदेवाईक खेळाडूकडे रीतसर सोपविले जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लेन हटन यांची निवड झाली. १९६२ च्या अखेरीस हा भेदच रद्द करण्यात आला.

अमेरिकेतील गोल्फचा इतिहास याहून अलीकडचा आहे. तेथे राष्ट्रीय खुली स्पर्धा १८९५ साली सुरू झाली. 'खुली' म्हणजे हौशी व धंदेवाईक या दोघांनाही खुली, असा तिचा अर्थ. आरंभीचे सर्व विजेते ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. १९११ साली फिलाडेल्फियाचे जॉन मॅकडर्मॉट हे वयाच्या १९ व्या वर्षी ही स्पर्धा जिंकून अमेरिकेत जन्मलेले पहिले विजेते ठरले व १९१२ साली त्यांनी पुन्हा ती जिंकली. त्यांचा उदय कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्या सभासदाच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या म्हणून झाला होता. १९१४ व १९१९ ची स्पर्धा जिंकणारे वॉल्टर हेगन हेही रॉचेस्टर येथील क्लबात कॅडीच होते. त्या काळी क्लबचा धंदेवाईक खेळाडू सभासदांना धडे देई, काठ्या दुरुस्त करी, मैदानाची देखरेख ठेवी; मात्र क्लबच्या इमारतीत समोरच्या दाराने जाण्याची मुभा त्याला नसे. सभासद त्याच्याकडून खेळ शिकत. परंतु त्याला आपल्या पंक्तीस घेत नसत.

पुण्यातील क्लबच्या मैदानावर याच सुमारास जे घडत होते, ते याच व्यवस्थेचे भारतीय रूप होते. भेद एवढाच की, येथे वेतनाने पडलेल्या अंतरात जन्माने पडलेले अंतर मिसळले होते.

२. पुण्याचे मैदान

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. कुटुंबाचे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून पडलेले आहे. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बालपण पुण्यात गेले. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू व बॅटी घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे खेळ शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही बंधू पुढे हिंदू संघातून खेळले. एकाच घरातील चार बंधूंनी हे स्थान मिळवावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे, रूळ फिरविणे आणि प्रसंगी सभासदांना गोलंदाजी करणे हे बाळू यांचे पहिले काम होय. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले. मासिक वेतन पहिल्या ठिकाणी ३ रुपये व दुसऱ्या ठिकाणी ४ रुपये होते, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नोंदलेले आहे. खेळपट्टीवर रूळ फिरविणे, रेषा आखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे, टेनिसच्या मैदानाची निगा राखणे ही त्यांची नेमून दिलेली कामे होती. सरावासाठी गोलंदाज हवा असे, म्हणून ते गोलंदाजी करू लागले, आणि त्यातूनच त्यांची असामान्य गुणवत्ता प्रकट झाली.

बाळू हे डावखुरे मंदगती गोलंदाज होते. चेंडू दोन्ही बाजूंना वळविणे, गती व उंची यांत सूक्ष्म फरक करणे आणि टप्प्यावरील अचूकता कायम राखणे ही त्यांच्या गोलंदाजीची वैशिष्ट्ये मानली जातात. या शैलीची जडणघडण समजावून घेण्यास त्यांच्या नोकरीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ज्याला रोज तासन्‌तास वेगवेगळ्या फलंदाजांपुढे गोलंदाजी करावी लागते आणि ज्या खेळपट्टीवर ती करावयाची ती स्वतःच्या हाताने तयार करावी लागते, त्याला मातीचा ओलावा, रुळाचा दाब व चेंडूची उसळी यांचे ज्ञान आपसूकच होते. हौशी खेळाडूला हे शिक्षण सहसा लाभत नसे.

या क्लबातील उत्कृष्ट फलंदाज म्हणजे लष्करी अधिकारी जे. जी. ग्रेग. इंग्लंडमध्ये ते हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळत. इतर सभासद येण्यापूर्वी तासभर आधी येऊन ते बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणांस बाद केल्याबद्दल ते प्रत्येक वेळी ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात त्या संबंधाचे मर्म उतरले आहे. कौशल्याचे मोल येथे रोख दिले जात होते आणि तेथेच व्यवहार संपत होता. इतकी वर्षे जाळीत गोलंदाजी करूनही बाळू यांना तेथे एकदाही फलंदाजीची संधी मिळाली नाही. फलंदाजी हा सभासदांचा अधिकार होता. गोलंदाजी हे नोकराचे काम होते. बाळू यांची फलंदाजी गोलंदाजीच्या मानाने दुबळी राहिली, याचा दोष केवळ त्यांच्या उपजत क्षमतेकडे देणे म्हणूनच न्याय्य ठरणार नाही.

३. संघात प्रवेश, पंक्तीस मज्जाव

पूना क्लबच्या जाळीतील या गोलंदाजाची कीर्ती शहरातील हिंदू क्लबच्या कानी गेली, तेव्हा क्लबपुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरविण्याची आकांक्षा होती आणि त्यासाठी बाळू हवे होते. परंतु त्यांना संघात घेणे म्हणजे अस्पृश्य मानलेल्या व्यक्तीबरोबर खेळणे होय. सभासदांत दुमत झाले. अखेर विजयाच्या आकांक्षेने रूढीवर मात केली आणि बाळू यांचा संघात समावेश झाला.

हा समावेश किती मर्यादित होता, हे चहापानाच्या वेळी दिसून येई. इतर खेळाडूंना मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा मिळे, तर बाळू यांना मंडपाबाहेर, वापरून टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून मिळे. भोजनासाठी त्यांचे पान निराळे मांडले जाई. मैदानावर मात्र तोच चेंडू त्यांच्या हातून यष्टिरक्षकाच्या व क्षेत्ररक्षकांच्या हातात फिरत असे. खेळाच्या रेषेच्या आत विटाळ नाही आणि रेषेच्या बाहेर पाऊल पडताच विटाळ आहे, असा हा व्यवहार होता. त्यातील विसंगती संबंधितांच्या लक्षात आली नसेल असे म्हणवत नाही. परंतु विजयाची गरज रेषेच्या आतच होती व सवलतही तेथपर्यंतच दिली गेली.

साताऱ्यातील गोऱ्यांच्या जिमखान्यावर पुण्याच्या संघाने मिळविलेला विजय या काळातील महत्त्वाची घटना होय. बाळू यांच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरविला होता, आणि तरीही बाळू यांनी संघास विजय मिळवून दिला, असे वृत्तांत सांगतात. पुण्यात परतल्यावर एका जाहीर समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना पुष्पहार घातला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर चहा घेण्यास व जेवण्यास हरकत कोणती, अशा आशयाचा सल्ला रानडे यांनी क्लबच्या सभासदांना दिल्याचेही नमूद आहे. खेळाने निर्माण केलेल्या प्रसंगाचा सामाजिक अर्थ काढून दाखविण्याचे काम येथे सुधारकाने केले. नुसत्या विजयाने ते झाले नसते.

४. मुंबई आणि १९०६ चा सामना

१८९६ च्या सुमारास प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा बाळू पुणे सोडून मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश मिळाला. विरोध येथेही झाला. तथापि संघाचे तत्कालीन नेते कीर्तिकर यांनी आग्रह धरल्याने तो मागे पडला. उपजीविकेसाठी बाळू यांनी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी धरली व त्या कंपनीच्या संघातूनही ते खेळू लागले. पुण्यात ते मैदानाचे सेवक म्हणून खेळत होते. मुंबईत कंपनीचे नोकर म्हणून खेळू लागले. भारतात पुढे दीर्घकाळ रूढ झालेली ही पद्धत, म्हणजे खेळाडूला नोकरीच्या रूपाने निर्वाह मिळवून देणे, बाळू यांच्या आयुष्यात अशी आरंभीच दिसते.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू व युरोपियन या संघांमध्ये प्रथमच सामना झाला. हिंदू संघाने २४२ व १६० धावा केल्या. युरोपियन संघाचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले आणि हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळू व शिवराम हे दोघेही बंधू या संघात होते आणि बाळू यांच्या गोलंदाजीचा या विजयात मोठा वाटा होता. राष्ट्रीय चळवळीला त्या वर्षी भरती आलेली असल्यामुळे या निकालाला राजकीय अर्थ प्राप्त झाला. के. नटराजन यांच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने मात्र या घटनेकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. या बंधूंना हिंदू जिमखान्याने सामावून घेतले हेच त्या पत्राच्या मते खरे यश होते. राज्यकर्त्यांवरील विजय हा त्याचा परिणाम होता.

ही मीमांसा उदार खरी, तथापि तीत एक धोकाही होता. सामावून घेण्याचे श्रेय जिमखान्याला दिले गेले. परंतु ज्याला सामावून घेतले त्याच्या अधिकाराचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. पुढील चौदा वर्षांचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास होय.

५. १९११ चा इंग्लंड दौरा

अमेरिकेत मॅकडर्मॉट राष्ट्रीय विजेते झाले त्याच वर्षी, म्हणजे १९११ च्या उन्हाळ्यात, पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. हिंदू, पारशी व मुसलमान अशा सर्व समाजांतील खेळाडू या संघात होते. बाळू व शिवराम यांचीही निवड झाली होती. संघाची कामगिरी यथातथाच झाली. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी १० सामन्यांत पराभव व केवळ २ सामन्यांत विजय, हा तिचा हिशेब होय. लेस्टरशायर व सॉमरसेट या संघांवर हे दोन विजय मिळाले.

या अपयशी दौऱ्यात बाळू यांची कामगिरी मात्र उठून दिसते. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ गडी बाद केले आणि दर गड्यामागे सुमारे १९ धावा दिल्या. या वेळी त्यांचे वय ३५ च्या पुढे गेले होते, खांद्याचे दुखणे मागे लागले होते, आणि परक्या हवामानात दीर्घकाळ गोलंदाजी करण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग होता. त्यांच्या संपूर्ण प्रथम श्रेणी कारकिर्दीतील आकडेही असेच आहेत. ३३ सामन्यांत १७९ गडी, दर गड्यामागे १५.२१ धावा. त्यांच्या उमेदीच्या वर्षांत भारतात प्रथम दर्जाचे सामने फारच थोडे होत, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार करण्यात आला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिले होते, असे सांगितले जाते. डॉ. आंबेडकर त्या काळी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. इतरांनी उभारलेल्या मैदानात, इतरांनी ठरविलेल्या नियमांनी खेळून आपल्यातील एक माणूस श्रेष्ठ ठरला, ही जाणीव त्या समाजाला केवढा आधार देणारी होती, याची कल्पना या सत्कारावरून येते.

६. कर्णधारपदाचा प्रश्न

१९१२ सालापासून मुंबईचे सामने युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान या चार संघांमध्ये, म्हणजे चौरंगी स्वरूपात होऊ लागले. हिंदू संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू बाळू हेच होते. तरीही कर्णधारपद त्यांना देण्यात आले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान वस्तुतः आपले मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. सारस्वत ब्राह्मण कर्णधाराने दिलेली ही कबुली महत्त्वाची आहे. निवड समितीवर तिचा परिणाम झाला नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

याचे कारण कर्णधारपदाच्या स्वरूपात आहे. गोलंदाजाच्या हातून संघ सेवा करून घेतो. कर्णधाराची मात्र संघाला आज्ञा पाळावी लागते. पहिल्या संबंधात जुनी उतरंड अबाधित राहू शकते, दुसऱ्यात ती उलटी होते. म्हणून ज्यांनी बाळू यांना संघात घेतले, आणि कालांतराने चहाच्या मेजावरही जागा दिली, त्यांचे पाऊल या पायरीवर येऊन थबकले.

१९२० साल हे या बाबतीत निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत पहिल्या लढतीसाठी पै उपलब्ध नव्हते. कर्णधारपद डी. बी. देवधर यांना देण्यात आले, आणि बाळू यांना तर संघातूनच वगळण्यात आले. यावर शिवराम व विठ्ठल या बंधूंनी संघातून आपली नावे मागे घेतली व त्यामागील कारण, म्हणजे जातीमुळे झालेला अन्याय, जाहीर निवेदनाद्वारे लोकांपुढे मांडले. वृत्तपत्रांतून या प्रश्नाची चर्चा झाली. पारश्यांविरुद्धच्या अंतिम लढतीत पै कर्णधार म्हणून परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि दोघे बंधूही संघात आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते का होईना, हिंदू संघाचे नेतृत्व बाळू यांनी केले.

या घटनेची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. त्याच वर्षीच्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले होते. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने अस्पृश्यता निवारणाचे आवाहन केले. बंधूंचा नकार हा एकाकी नव्हता. समाजात उठलेल्या स्वराचा तो मैदानावरील प्रतिध्वनी होता. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना कर्णधारपद मिळाले. १९२३ ते १९२६ या चार वर्षांत हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा तीनदा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याने सार्थ करून दाखविला. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. या विषयाच्या मराठी अभ्यासकाला ते अपरिहार्य आहे.

७. तुलना

१९२० सालीच गोल्फच्या जगातही असाच एक प्रसंग घडला. वॉल्टर हेगन हे ब्रिटिश खुल्या स्पर्धेसाठी इंग्लंडमधील डील येथे गेले असता धंदेवाईकांना क्लबच्या इमारतीत प्रवेश नाही असे त्यांना आढळले. त्यांनी एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती इमारतीच्या समोर उभी केली आणि कपडे बदलण्याची खोली म्हणून तिचा उपयोग केला. खेळात ते त्या वेळी फार मागे पडले. परंतु त्यांच्या या कृतीचा बोलबाला झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील टोलीडो येथील इन्व्हर्नेस क्लबने राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी आपली इमारत धंदेवाईकांना खुली केली. खेळाडूंनी वर्गणी काढून कृतज्ञतेखातर त्या क्लबला एक मोठे उभे घड्याळ भेट दिले.

या दोन वाटचालींत साम्य आहे ते असे की, दोन्हीकडे कौशल्याला मान्यता आधी मिळाली व माणसाला नंतर. आणि ही दुसरी मान्यता मिळण्यास कोणीतरी निमूटपणे सोसणे थांबवावे लागले. भेद मात्र दोन आहेत.

पहिला भेद खेळाच्या रचनेचा. गोल्फमध्ये प्रत्येकाच्या फटक्यांची मोजणी स्वतंत्र असते. ज्याचे फटके कमी तो विजेता, त्यात समितीचा संबंध नाही. क्रिकेटमध्ये गडी किती बाद केले हे मोजता येते. परंतु संघात कोणास घ्यावयाचे व नेता कोणास करावयाचे हे इतर लोक ठरवितात. हेगन यांना आपल्या विजयाचे रूपांतर पैशात व कीर्तीत करता आले. प्रदर्शनीय सामने खेळून ते वैभवशाली झाले. पुढे ११ प्रमुख स्पर्धांचे विजेतेपद त्यांच्या नावावर जमा झाले. बाळू यांना आपल्या १७९ बळींच्या बळावर कर्णधारपद मिळविता आले नाही.

दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. हेगन यांच्यापुढील अडथळा वेतनाचा होता. श्रीमंती व कीर्ती येताच तो विरघळला. जन्माने लादलेला अडथळा असा विरघळत नाही, हे अमेरिकेतील दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसते. १८९६ साली जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय किशोर राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत उतरला, तेव्हा इतर खेळाडूंनी हरकत घेतली. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर यांनी ती जुमानली नाही आणि शिपेन पहिल्या दहांत आला. परंतु धंदेवाईक गोल्फपटूंच्या ज्या संघटनेची १९१६ साली स्थापना झाली, तिने १९३४ साली सभासदत्व श्वेतवर्णीयांपुरते मर्यादित करणारे कलम आपल्या घटनेत घातले व १९६१ सालापर्यंत ते कायम ठेवले. क्लबच्या दाराशी तिष्ठलेल्यांनीच आपले दार इतरांना बंद केले. बाळू यांची तुलना खऱ्या अर्थाने करावयाची तर ती हेगनपेक्षा शिपेनशी अधिक जुळते. वेतनाची अप्रतिष्ठा व जन्माची अप्रतिष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली नाहीशी झाल्याने दुसरी जाते असा भरवसा धरता येत नाही.

८. मैदानाबाहेर

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात वावरले. १९३२ च्या २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. धर्मांतराच्या प्रश्नावर मात्र त्यांचा डॉ. आंबेडकरांशी मतभेद झाला. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळू यांना ११,२२५ मते पडली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले.

१९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जेथे महाविद्यालय काढले आणि जेथील विद्यापीठाला १९९४ सालापासून डॉ. आंबेडकरांचे नाव आहे, त्या या शहरातील अभ्यासकाला बाळू यांची ओळख बहुधा या निवडणुकीतील पराभूत उमेदवार म्हणूनच होते. ती ओळख अपुरी आहे. या दोघांतील विरोध दोन मार्गांचा होता. अंगच्या गुणाने सवर्ण समाजाची मान्यता मिळविता येते, असा अनुभव बाळू यांनी अंशतः घेतला होता. हिंदू समाजात राहूनच सुधारणा व्हावी ही त्यांची भूमिका त्या अनुभवाशी सुसंगत आहे. अशी मान्यता देणाऱ्याच्या सोयीपुरतीच मिळते व सोय संपताच थांबते, हे डॉ. आंबेडकरांच्या विचाराचे सूत्र होते. विशेष असे की, बाळू यांचे स्वतःचे क्रीडाजीवन या दुसऱ्या सूत्रालाच अधिक पुष्टी देते.

वरील विवेचनावरून असे दिसते की, बाळू यांना मिळालेल्या मान्यतेला एक निश्चित क्रम होता. प्रथम श्रम, मग संघातील जागा, मग सहभोजन, आणि सर्वांत शेवटी नेतृत्व. यांपैकी पहिल्या दोन पायऱ्या त्यांनी केवळ कौशल्याच्या बळावर चढल्या, कारण त्या कौशल्याची इतरांना गरज होती. तिसरीसाठी रानडे, कीर्तिकर यांच्यासारख्यांच्या शब्दाचे वजन खर्ची पडावे लागले. चौथी मात्र गुणाने मिळाली नाही व सद्भावनेनेही मिळाली नाही. दोन बंधूंच्या जाहीर नकाराने ती काही काळापुरती थोरल्या भावाला व पुढे पूर्णत्वाने धाकट्याला प्राप्त झाली. धावफलकाच्या वहीत गड्यांची संख्या सापडते; चहा कोणत्या भांड्यातून दिला गेला हे सापडत नाही. क्रीडेच्या इतिहासाचा अभ्यास समाजशास्त्राने हाती घ्यावयाचा तो याचसाठी की, या दोन्ही नोंदी एकत्र वाचल्यावाचून बाळू यांच्या १७९ बळींचा पूर्ण अर्थ लागत नाही.